मोटारगाडीचा पश्चभाग व वायुप्रवाह

वेगाने धावणाऱ्या मोटारगाडीवर सभोवतालच्या हवेची जी प्रेरणा कार्य करते, तिच्या गतीला विरोध करणाऱ्या घटकाला ओढ आणि गाडीला जमिनीपासून वर उचलू पाहणाऱ्या घटकाला उत्थापन असे म्हणतात. या दोन्हींचे मान गाडीच्या पुढील भागापेक्षा मागील भागाच्या आकारावर अधिक अवलंबून असते. गाडी हवा ‘कापीत’ जाते अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे अणकुचीदार नाक म्हणजे कमी विरोध असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समोरच्या कडा व कोपरे पुरेसे गोलसर केले की पुढील भागामुळे होणारी ओढ बरीचशी नाहीशी होते. खरा प्रश्न असतो तो गाडीने दुभंगलेली हवा मागे पुन्हा एकत्र कशी येते हा. तो नीट समजण्यास विसाव्या शतकातील जवळजवळ सहा दशके लागली. या काळात अनेक सुंदर पण चुकीच्या आकाराच्या गाड्या तयार झाल्या आणि काही माणसे प्राणास मुकली.

हवेची श्यानता अल्प असली, तरी पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थरात तिचा प्रभाव निर्णायक ठरतो, हे लूटव्हिख प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये दाखविले. या सीमास्तरातील हवा घर्षणामुळे मंदावलेली असते. गाडीच्या सर्वांत रुंद व उंच भागाच्या मागे प्रवाहाची वाट मोकळी होत जाते, त्याचा वेग कमी होतो व दाब वाढतो. मंदावलेल्या थराला या वाढत्या दाबाविरुद्ध पुढे सरकावे लागते. पृष्ठभाग हळूहळू उतरत असेल, तर ते त्याला साधते. उतार तीव्र असेल, तर थराची शक्ती संपते आणि प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो. सुटलेल्या प्रवाहामागे खळबळीचा, भोवऱ्यांनी भरलेला व कमी दाबाचा एक प्रदेश गाडीबरोबर ओढला जातो. याला पश्चप्रवाह म्हणता येईल. गाडीच्या पुढे अधिक दाब व मागे कमी दाब या विषमतेमुळे जी ओढ निर्माण होते, ती मोटारगाडीच्या एकूण वायुजन्य ओढीचा फार मोठा भाग असते. पृष्ठभागावरील घर्षणाचा वाटा त्या मानाने लहान असतो. विमानाच्या पंखाची स्थिती याच्या जवळजवळ उलट असते आणि म्हणूनच विमानविद्येतून आलेल्या पहिल्या पिढीच्या अभिकल्पकांचे काही अंदाज जमिनीवर फसले.

ओढीचे मान हवेची घनता, वेगाचा वर्ग, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ व ओढ गुणांक यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. यांपैकी गुणांक तेवढा आकारावर अवलंबून असतो. समोरचे क्षेत्रफळ २ चौ. मी. व गुणांक ०·३० असलेल्या गाडीला ताशी १०० किमी. वेगाने जाताना सु. २८० न्यूटन इतका हवेचा विरोध होतो व त्यावर मात करण्यासाठी सु. ७·७ किलोवॉट (सु. १०·५ अश्वशक्ती) खर्ची पडते. गुणांक ०·४५ असल्यास हाच आकडा ११·६ किलोवॉटपर्यंत जातो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट व तीसाठी लागणारी शक्ती आठपट होते. उत्थापनाचा हिशोबही याच रीतीने करतात. याच क्षेत्रफळाच्या गाडीचा उत्थापन गुणांक ०·३ असेल, तर ताशी २०० किमी. वेगाला तिच्यावर सु. १,१०० न्यूटन, म्हणजे सु. ११३ किग्रॅ. वजनाइतकी ऊर्ध्व प्रेरणा कार्य करते. गाडीच्या एकूण वजनाच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो. पण तो बहुतांशी मागील चाकांवर पडला, तर त्या चाकांची रस्त्यावरील पकड नेमकी वळणावर किंवा अचानक मार्गिका बदलताना अपुरी पडते.

प्रारंभीचे प्रयत्न : पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विमाने बांधण्यावर निर्बंध आले आणि त्या क्षेत्रातील अनेक अभियंते मोटारगाडीकडे वळले. एटमुंट रुम्प्लर हे त्यांपैकी एक. त्यांनी १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेली ‘ट्रोप्फेनवागेन’ (थेंबगाडी) वरून पाहिल्यास पाण्याच्या थेंबासारखी, पुढे गोल व मागे निमुळती दिसे. सामान ठेवण्याची सोय नसलेली ही विचित्र गाडी लोकांनी फारशी घेतली नाही व तिच्या केवळ शंभराच्या आसपास प्रती तयार झाल्या. १९७९ मध्ये फोल्क्सवागेनच्या वातविवरात एका जतन केलेल्या गाडीची चाचणी घेण्यात आली, तेव्हा तिचा ओढ गुणांक ०·२८ भरला. त्या काळातील नव्या गाड्यांपैकी बहुतेकांना तो गाठता आलेला नव्हता.

अधिक मूलगामी विचार पाउल यारे (१८८९–१९७४) यांनी केला. ते फ्रीड्रिखशाफेन येथील झेपेलिन कारखान्यात हवाई जहाजांच्या आकारांवर काम करीत. हवेत मुक्तपणे तरंगणाऱ्या माशाच्या आकाराच्या वस्तूची ओढ अत्यल्प असते. पण तीच वस्तू जमिनीजवळ आणली की तिच्या वरचा व खालचा प्रवाह सारखा राहत नाही आणि ओढ वाढते, हे त्यांच्या लक्षात आले. यावर त्यांनी काढलेला तोडगा सुबक होता. अशा वस्तूचा आडवा छेद घेऊन वरचा अर्धा भागच जमिनीलगत ठेवावा; जमिनीचे पृष्ठ आरशासारखे मानले, तर तो अर्धा भाग व त्याचे प्रतिबिंब मिळून पुन्हा एक पूर्ण प्रवाहरेखित आकार होतो. व्होल्फगांग क्लेम्पेरर यांनी १९२२ मध्ये अशा अर्धाकृतीचा ओढ गुणांक मोजला, तो ०·१५ निघाला. त्या वेळच्या चौकोनी गाड्यांचे गुणांक याच्या कितीतरी पट होते.

यारे यांची अडचण लांबीची होती. मापन केलेल्या आकाराचे शेपूट लांब होते. माणसे बसतील अशी उंची ठेवून ते जसेच्या तसे घेतले, तर गाडी कोणत्याही गाडीखान्यात मावली नसती. म्हणून त्यांच्या एकस्वांवर आधारलेल्या गाड्यांत शेपूट आखूड करावे लागले आणि आखूड करताना छपराचा उतार वाढवावा लागला. या तत्त्वावर चेकोस्लोव्हाकियात हान्स लेडविंका यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली टाट्रा ७७ (१९३४) ही मोठ्या प्रमाणावर विकण्यासाठी बांधलेल्या पहिल्या खऱ्या प्रवाहरेखित गाड्यांपैकी एक होय. तिच्या एक-पंचमांश प्रतिकृतीवर ०·२१२ असा गुणांक मोजला गेल्याचे प्रसिद्ध आहे. परंतु तिच्यानंतरच्या टाट्रा ८७ या प्रत्यक्ष गाडीची १९७९ मध्ये चाचणी झाली तेव्हा तो ०·३६ आला. ही तफावत केवळ प्रतिकृतीच्या गुळगुळीतपणाची नव्हे. या गाड्यांच्या मागील लांबलचक उतारावर काय घडते, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. पाठीवरील उभा पक्ष मात्र केवळ शोभेचा नव्हता. गोलसर शेपटीच्या गाड्या बाजूच्या वाऱ्यात अस्थिर होतात, कारण हवेच्या दाबाचा मध्यबिंदू बराच पुढे सरकतो. त्यावर तो एक उपाय होता.

अमेरिकेत १९३४ मध्येच आलेली क्रायस्लर एअरफ्लो ग्राहकांनी नाकारली आणि त्यानंतर तेथील कारखानदारांनी ‘प्रवाहरेखित’ हा शब्द जाहिरातींपुरता ठेवला, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही. तथापि याच सुमारास मिशिगन विद्यापीठात डब्ल्यू. ई. ले यांनी पुढील व मागील भाग सुटे करून निरनिराळ्या जोड्यांनी बसविता येतील अशा प्रतिकृतींवर पद्धतशीर प्रयोग केले व १९३३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढील भाग धारदार कोपऱ्यांचा असेल, तर मागे कितीही सुरेख शेपूट लावले तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण प्रवाह पुढेच सुटलेला असतो. उलट पुढील भाग चांगला असेल, तर लांब शेपटीचे टोक कापून टाकल्याने ओढ फार वाढत नाही, असे त्यांतून दिसून आले. या दुसऱ्या निष्कर्षाचे महत्त्व अमेरिकेत कोणी ओळखले नाही.

काम व कोएनिग-फाक्सेनफेल्ट : ते ओळखले गेले श्टुटगार्ट येथे. व्हूनिबाल्ट काम (१८९३–१९६६) हे तेथील तंत्र महाविद्यालयात मोटारगाड्यांच्या विषयाचे प्राध्यापक होते आणि त्यांनी स्थापिलेल्या संशोधन संस्थेत पूर्ण आकाराची गाडी मावेल असे वातविवर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभे राहिले. कापलेल्या पश्चभागाची कल्पना मात्र प्रथम त्यांची नव्हती. राइनहार्ट फोन कोएनिग-फाक्सेनफेल्ट (१८९९–१९९२) यांनी १९३५ च्या सुमारास बसगाडीच्या आकाराचा अभ्यास करताना ती मांडली व तिचे एकस्वही घेतले. बसच्या मागे लांब शेपूट लावणे म्हणजे प्रवाशांची जागा वाया घालविणे. तेव्हा छप्पर व बाजू हवा सुटणार नाही इतक्याच हळुवारपणे आत घेत न्याव्यात आणि पुढचा भाग, जो तसाही फारसे काम करीत नाही, सरळ उभा कापून टाकावा, असा त्यांचा विचार होता. काम यांनी तो मोटारगाडीस लावला, त्याचे सविस्तर मापन केले आणि शैक्षणिक अधिष्ठानामुळे त्यांचेच नाव त्याला चिकटले. जगभर ‘काम पुच्छ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आकारात कोएनिग-फाक्सेनफेल्ट यांचा वाटा निदान बरोबरीचा आहे.

या आकारामागील तर्क असा. छपराचा व बाजूंचा उतार बेताचा ठेवला की प्रवाह पृष्ठभागाला चिकटून राहतो, त्याचा वेग कमी होतो व दाब हळूहळू पूर्वपदावर येतो. गाडीचा काटच्छेद सर्वांत मोठ्या काटच्छेदाच्या सु. निम्मा होईपर्यंत दाबाची बरीचशी भरपाई झालेली असते. येथे छेद घेतला, तर मागे उरणारी सपाट भिंत लहान असते व तिच्यावरील दाबही फारसा कमी नसतो. त्यापुढील लांब टोक ओढीत थोडीशीच बचत करते, पण वजन व लांबी वाढविते आणि बाजूच्या वाऱ्यात गाडी अस्थिर करते. छेदाची कड मात्र तीक्ष्ण हवी. ती गोल केली तर प्रवाह कोठे सुटावा हे निश्चित राहत नाही, तो कधी वर कधी खाली सुटतो व ओढ वाढते.

मेर्सेडिस-बेंझ १७० व्ही या गाडीच्या सांगाड्यावर १९३८ मध्ये अशा पश्चभागाची पहिली प्रायोगिक गाडी तयार झाली. १९४० साली ब्रेशा येथील मिल्ले मिल्या शर्यतीत बीएमडब्ल्यू ३२८ या गाडीची एक प्रत काम यांच्या तत्त्वानुसार बांधलेल्या शरीरासह उतरविण्यात आली. ती शर्यत पूर्ण करू शकली नाही व विजय त्याच जातीच्या, इटलीत बांधलेल्या वेगळ्या शरीराच्या गाडीला मिळाला. युद्धाने पुढील काम थांबविले. युद्धानंतर काम काही वर्षे अमेरिकेत होते आणि १९५२ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत धावलेल्या कनिंगहॅम सी-४आरके या अमेरिकन गाडीच्या आखूड, कापलेल्या पाठीत त्यांच्या शिकवणुकीचा ठसा दिसतो.

हे तत्त्व सर्वमान्य करण्याचे श्रेय शर्यतींनाच द्यावे लागते. फेरारी २५० जीटीओ (१९६२), आल्फा रोमेओ जूलिया टीझेड (१९६३) यांच्या पाठी उभ्या छाटलेल्या होत्या. १९६४ मध्ये पीटर ब्रॉक यांनी उघड्या कोब्रा गाडीच्या सांगाड्यावर शेल्बी डेटोना कूपे हिचे बंद शरीर रचले, ते जुन्या जर्मन निबंधांचा आधार घेऊन. एंजिन जवळजवळ तेच राहिले, पण लांब सरळ मार्गांवर गाडीचा वेग एवढा वाढला, की तिने त्याच वर्षी ल मां येथे आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळविला व १९६५ मध्ये त्या वर्गाचे जागतिक अजिंक्यपद अमेरिकेला मिळवून दिले. यानंतर उभी पाठ ही फॅशन झाली. साठ-सत्तरच्या दशकांत ‘काम पुच्छ’ म्हणून मिरविणाऱ्या कित्येक गाड्यांत छप्पर वा बाजू आत घेतलेल्याच नव्हत्या. केवळ पाठ सपाट होती. ज्या पश्चभागात आधी हळुवार उतार नाही त्याला काम यांचे नाव देणे चूक आहे.

उत्थापनाची समस्या : येथपर्यंत सर्व लक्ष ओढीवर होते. वरून फुगीर व खालून सपाट असलेला गाडीचा छेद विमानाच्या पंखाशी मिळताजुळता असतो आणि प्रवाह छपरावरून मागे जितका चांगला चिकटून उतरतो तितका पाठीवरील दाब कमी होऊन उत्थापन वाढते, ही गोष्ट मोठ्या वेगांची सवय होईपर्यंत दुर्लक्षित राहिली. १९६१ मध्ये फेरारीच्या मागे एंजिन असलेल्या एका शर्यतीच्या गाडीच्या शेपटीवर आडवी उभी पट्टी लावण्यात आली. धूर चालकाकडे उलट येऊ नये म्हणून ती लावली होती, असे सांगतात; पण तिने गाडीची पाठ रस्त्यावर अधिक स्थिर राहू लागली. हीच ‘स्पॉयलर’ या नावाने पुढे रूढ झाली. ती प्रवाह ‘बिघडविते’ असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात ती आपल्या पुढील पृष्ठभागावरचा प्रवाह मंद करून तेथील दाब वाढविते व त्यामुळे पाठ खाली दाबली जाते.

या अज्ञानाची किंमत पोर्शे ९१७ हिच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ४·५ लिटरचे बारा सिलिंडरी एंजिन असलेली ही गाडी मार्च १९६९ मध्ये जगापुढे आली. ल मां येथील दीर्घ सरळ मार्ग डोळ्यांपुढे ठेवून तिचे शेपूट लांब व उतरते केले होते आणि ओढ त्यामुळे खरोखरच अल्प होती. पण मोठ्या वेगाला तिची मागील बाजू हलकी होई व गाडी रस्त्यावर भटकत असल्यासारखी चाले. अनुभवी चालकही ती चालविण्यास नाखूष असत. जून १९६९ मधील ल मां शर्यतीच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हे खासगी स्पर्धक ९१७ चालवीत असताना अपघातात मरण पावले. त्या दुर्घटनेची सर्व कारणे केवळ आकारात शोधणे योग्य होणार नाही, तथापि गाडीच्या अस्थिरतेविषयी त्यानंतर कोणाला शंका उरली नाही.

उलगडा झाला तो ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातील त्सेल्टव्हेग येथील चाचणीत, आणि तोही वातविवराविना. जॉन हॉर्समन या इंग्रज अभियंत्यांच्या लक्षात आले, की फेऱ्या मारून आलेल्या गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे चिरडून चिकटलेली आहेत, पण मागील टोकाच्या पट्ट्यांवर त्यांचा मागमूस नाही. याचा अर्थ हवा त्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. छपरावरून निघालेला प्रवाह त्यांच्यावरूनच निघून जात होता. तेथल्या तेथे ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून व चिकटपट्ट्या लावून शेपूट आखूड व उंच करण्यात आले. चालकांना फरक ताबडतोब जाणवला व फेरीची वेळ काही सेकंदांनी कमी झाली. नव्या शेपटीने ओढ वाढली होती व सर्वोच्च वेग कमी झाला होता. परंतु जो वेग उरला तो चालकाला वापरता येत होता. याच आखूड शेपटीच्या गाडीने १९७० मध्ये पोर्शेला ल मां येथील पहिला निर्विवाद विजय मिळवून दिला व १९७१ मध्ये त्याची पुनरावृत्ती केली. लांब शेपटीचा प्रकारही पुढे सुधारून स्थिर करण्यात आला, पण त्यासाठी वातविवरातील बरेच परिश्रम घ्यावे लागले.

१९७२ मध्ये पोर्शे कंपनीने ९११ कॅरेरा आरएस या रस्त्यावरच्या गाडीच्या एंजिनावरील झाकणाला बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड दिली. ९११ चा गोलसर उतार दिसावयास मोहक, पण मागील चाकांवरील भार कमी करणारा होता. या कडेने उत्थापन पुष्कळच घटले आणि ओढ वाढण्याऐवजी किंचित कमीच झाली. उत्थापन घटवावयाचे तर ओढीची किंमत मोजलीच पाहिजे, हा समज त्यामुळे डळमळीत झाला. प्रवाह नेमका कोठे सुटतो हे अभिकल्पकाने ठरविले, तर दोन्हींचा लाभ काही वेळा एकदमच होऊ शकतो.

तिरप्या पाठीचे कोडे : १९७० नंतर मागे उघडणारा तिरपा दरवाजा असलेल्या लहान गाड्या यूरोपात लोकप्रिय झाल्या. फोल्क्सवागेन गोल्फ (१९७४) हिच्या विकासकार्यात व्होल्फ-हाइनरिख हूखो व त्यांचे सहकारी मागील काचेचा उतार थोडाथोडा बदलून ओढ मोजीत होते. उतार वाढविताना ओढ हळूहळू वाढावी व मग स्थिर व्हावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात क्षितिजसमांतर रेषेपासून सु. ३० अंशांच्या आसपास ती एकदम उसळली आणि उतार आणखी थोडा वाढविताच तितक्याच एकदम खाली आली. १९७६ मध्ये अमेरिकेत टी. मोरेल यांनाही साध्या भौमितीय आकारांवर हाच प्रकार आढळला.

या घटनेचे सर्वांत परिचित विवेचन एस. आर. अहमद व त्यांचे दोन सहकारी यांनी १९८४ मध्ये जर्मनीत केलेल्या प्रयोगांवरून दिले. त्यांची प्रतिकृती १,०४४ मिमी. लांब, ३८९ मिमी. रुंद व २८८ मिमी. उंच असा, पुढे गोलसर व मागे बदलत्या उताराचा एक साधा ठोकळा होती. ना चाके, ना खिडक्या. मागे अजिबात उतार नसताना तिचा ओढ गुणांक ०·२५० होता. १२·५ अंश उताराला तो ०·२३० या किमान मानापर्यंत उतरला, २५ अंशांना ०·२८५ झाला आणि ३० अंशांना ०·३७८ वर पोहोचला. त्यानंतर तो पुन्हा ०·२६ च्या आसपास आला. एकूण ओढीपैकी सु. ८५ टक्के भाग दाबातील फरकामुळे निर्माण होत होता व त्यातील बहुतेक मागील पृष्ठांवर.

याचे कारण बाजूच्या कडांवर आहे. तिरप्या पाठीवर दाब कमी व गाडीच्या दोन्ही बाजूंना तो त्या मानाने अधिक असतो. त्यामुळे बाजूची हवा पाठीच्या कडांवरून आत वळते व दोन्हीकडे गाडीच्या लांबीच्या दिशेने पसरणारे, परस्परविरुद्ध फिरणारे दोन जोरदार भोवरे तयार होतात. विमानाच्या पंखाच्या टोकांपाशी असेच भोवरे असतात. या भोवऱ्यांच्या गाभ्यात दाब फार कमी असतो. शिवाय ते आपल्यामधील हवा खाली ढकलीत असल्याने, एरवी कधीच सुटला असता असा प्रवाह तीव्र उतारावरही चिकटून राहतो. तिरप्या पृष्ठावरील ही ओढून धरणारी क्रिया पृष्ठाशी काटकोनात, म्हणजे वर व मागे, अशी असते. तिचा मागील दिशेतील घटक ओढीत व वरचा घटक उत्थापनात भर घालतो. म्हणूनच ३० अंशांजवळ ओढ व उत्थापन दोन्ही एकाच वेळी कळसाला पोहोचतात. उतार त्याहून वाढला की भोवऱ्यांची घडण मोडते, पाठीवरचा प्रवाह छपराच्या कडेलाच सुटतो व गाडी हवेच्या दृष्टीने सरळ उभ्या पाठीची बनते. प्रवाह सुटणे म्हणजे नेहमीच हानी, या प्रांट्ल यांच्या काळापासूनच्या सर्वसाधारण समजुतीला येथे अपवाद मिळाला. यारे यांच्या अनुयायांनी बांधलेल्या उतरत्या पाठीच्या गाड्यांना प्रतिकृतीवरचे आकडे का गाठता आले नाहीत, याचाही काही अंशी खुलासा त्यातून होतो.

उभ्या पाठीच्या गाडीतील पश्चप्रवाहाचा परिणाम पाहण्यास वातविवराची जरुरी नाही. धुळीच्या रस्त्यावरून आलेल्या बसगाडीची मागील काच बाजूच्या काचांपेक्षा कितीतरी अधिक माखलेली असते. चाकांनी उडविलेली धूळ पाठीमागे घिरट्या घालणाऱ्या हवेत सापडून उलट पाठीवर येऊन बसते. मागील काचेला पुसणी लावण्याची प्रथा अशा गाड्यांत पडली व सामानाचा वेगळा पेटारा मागे निघालेल्या गाड्यांत ती क्वचितच दिसते, ती याच कारणामुळे. पेटारा असलेल्या गाडीत छपरावरून सुटलेला प्रवाह पेटाऱ्याच्या झाकणावर पुन्हा टेकतो की नाही, यावर ओढ अवलंबून असते. झाकण उंच व लांब असेल तर तो टेकतो. ऐंशीच्या दशकापासून यूरोपीय गाड्यांचे पेटारे हळूहळू उंचावत गेले, त्यामागे सामानाच्या जागेइतकाच हाही विचार होता.

शास्त्र स्पष्ट झाले तरी आकाराच्या मोहाने धोका पत्करण्याची वृत्ती संपली नाही. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या औडी टीटी या गाडीची पाठ घडणकलेच्या दृष्टीने वाखाणली गेली; ती एकसंध गोल होती व तीवर कसलीही कड नव्हती. जर्मनीतील वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांवर या गाडीचे मोठ्या वेगातील काही अपघात झाले व त्यांत माणसे दगावली. तेव्हा कंपनीने आधी विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना मागे स्पॉयलर बसविला आणि त्याबरोबर चाकांच्या आधारयंत्रणेत बदल करून इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रणाची सोय केली. मूळ पाठीची गाडी अधिक देखणी होती असे मानणारे रसिक अद्याप आहेत.

इंधनाच्या किंमती व विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या गाड्या यांमुळे ओढीचा प्रश्न पुन्हा अग्रभागी आला. विद्युत् गाडीत गती कमी करताना ऊर्जेचा काही भाग परत मिळविता येतो, पण हवेला दिलेली ऊर्जा परत मिळत नाही; त्यामुळे महामार्गावर एका भारणात किती अंतर जाता येईल, हे बऱ्याच अंशी ओढ गुणांक ठरवितो. होंडा इन्साइट (१९९९, गुणांक ०·२५) व टोयोटा प्रियस हिची २००३ मधील दुसरी पिढी (०·२६) यांची छपरे मागे सावकाश उतरून एकदम उभी तुटतात. कोएनिग-फाक्सेनफेल्ट व काम यांची आकृती येथे सत्तर वर्षांनी जशीच्या तशी भेटते. मेर्सेडिस-बेंझ ईक्यूएस (२०२१) हिचा गुणांक ०·२० असल्याचे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले. यांत गाडीच्या तळाचाही मोठा वाटा आहे. तळ गुळगुळीत करून मागील टोकाशी किंचित वर उचलला की खालील प्रवाहाचा वेग वाढतो, तेथील दाब कमी होतो व गाडी खाली खेचली जाते. शिवाय पश्चप्रवाह वरून व खालून आवळला जाऊन लहान होतो.

मालवाहू वाहनांत ही संधी सर्वांत मोठी असूनही सर्वांत उशिरा घेतली गेली. त्यांची पाठ म्हणजे एक उभी भिंत असते, कारण लांबीवरील कायदेशीर मर्यादेत जास्तीत जास्त माल बसवावयाचा असतो; मर्यादेतील प्रत्येक सेंटिमीटर शेपटीला दिला तर तो मालाला मिळत नाही. यूरोपीय संघाने २०१५ च्या निदेशान्वये ट्रकच्या मागे बसविलेल्या वायुप्रवाहविषयक साधनांना या मर्यादेपलीकडे जाण्याची सवलत दिली. मागील दारांच्या कडांना बिजागऱ्यांनी जोडलेल्या व किंचित आत झुकलेल्या घडीच्या फळ्या, असे या साधनांचे सर्वसाधारण स्वरूप असते. मालाची चढउतार करताना त्या दारांवर दुमडून ठेवतात.